इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचणी-प्रयोगशाळा : त्यांची पारख कशी करावी

१. पारखीची जुनी रीत व नवी अडचण

बंगळूर शहराच्या आग्नेयेस कोरमंगलापासून निघणारा एक रस्ता इब्बलूर, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र ही गावे ओलांडीत आनेकल तालुक्यातील सर्जापूर ह्या गावी जाऊन पोहोचतो. सर्जापूर हे एके काळी विणकरांचे गाव होते. तेथे सुती कापड विणले जाई व पूर्वी तलम मलमलही होत असे. अशा गावच्या बाजारात कापड घेणारे गिऱ्हाईक ते बोटांनी चाचपून पाही, उजेडासमोर धरी, एखादा धागा ओढून त्याचा पीळ तपाशी आणि मग आपल्यासमोर मोजून घेई. वस्तूची पारख करण्यास लागणारी सर्व साधने गिऱ्हाइकाच्या अंगचीच होती.

आज त्याच सर्जापूर रस्त्याच्या दोहों बाजूंस माहिती-तंत्रज्ञानाच्या मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या आहेत. १९४५ साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी स्थापन झालेली आणि पुढे संगणकाच्या क्षेत्रात गेलेली विप्रो ही कंपनी ह्याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे आपले मुख्य कार्यालय थाटून आहे. ह्या परिसरात ज्या वस्तूंचे आराखडे होतात त्यांची पारख मात्र बोटांनी चाचपून होत नाही. मोबाईलचा चार्जर हातात घेतला असता त्याचे वजन कळते, रंग कळतो. परंतु त्याच्या आतील विद्युत्‌रोधक थर किती व्होल्टचा ताण सोशील, त्यातून निघणाऱ्या विद्युत्‌चुंबकीय लहरी शेजारच्या उपकरणास किती त्रास देतील, त्याची घटमाला तापली असता पेट घेईल काय, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर इंद्रियांना देता येत नाही.

म्हणून ही पारख आपण दुसऱ्यावर सोपवितो. तो दुसरा म्हणजे चाचणी-प्रयोगशाळा होय. मात्र पारख सोपविली म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही. वस्तूची पारख करणे आपल्या हाती नसले तरी पारख करणाऱ्याची पारख करणे आपल्या हाती असते. ती कशी करावी, हाच ह्या पुस्तिकेचा विषय आहे.

२. एक उदाहरण

विषय नीट समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, सर्जापूर रस्त्यावरील एका लहान कारखानदाराने शेतीपंपासाठी एक उपकरण तयार केले. आपल्याकडे त्यास ‘मोबाईल स्टार्टर’ म्हणतात. शेतीपंपांना अनेक ठिकाणी वीज पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. हे उपकरण पंपाच्या पेटीत बसविले असता शेतकरी घरबसल्या मोबाईलवरून पंप सुरू किंवा बंद करू शकतो. कारखानदाराला ही उपकरणे सांगली, सोलापूर, विजापूर ह्या भागांत विकावयाची आहेत. पुढेमागे परदेशीही पाठवावयाची आहेत.

उपकरणाची डबी प्लॅस्टिकची आहे. तिला भूसंपर्काची तार नाही. तिच्या अँटेनाचे धातूचे टोक मात्र डबीबाहेर, हाताशी येईल असे आहे. आता असे चित्र डोळ्यांसमोर आणावे : पावसाळ्याची रात्र आहे, पंप सुरू होत नाही म्हणून शेतकरी चिखलातून विहिरीवर गेला आहे आणि ओल्या हाताने ती डबी चाचपून पाहत आहे. प्रयोगशाळेच्या अहवालातील प्रत्येक आकडा अखेर ह्या माणसाच्या हाताशी जोडलेला असतो.

कारखानदाराकडे दोन प्रयोगशाळांची पत्रे आली. एकीने कळविले, “आठ दिवसांत उत्तीर्णतेचा अहवाल देऊ, नमुना मागाहून पाठविला तरी चालेल.” दुसरीने अहवालाविषयी काहीच आश्वासन न देता उलट दहा प्रश्न विचारले : उपकरण कोणत्या देशांत विकावयाचे, त्यात कोणकोणते घटक आहेत, ते कोणत्या जागी बसविले जाणार, मंडलाचा आराखडा कोठे आहे, इत्यादी. दुसरीचा दर अधिक व मुदतही अधिक होती. ह्यांपैकी कोणती निवडावी?

३. कायदा काय मागतो

प्रयोगशाळेकडे जाण्यापूर्वी कायद्याची मागणी समजून घेणे अवश्य आहे. भारतीय मानक संस्थेची स्थापना १९४७ साली झाली. पुढे १९८६ च्या कायद्याने भारतीय मानक ब्यूरो अस्तित्वात आला व १९८७ पासून तो संस्थेचे काम पाहू लागला. आज ब्यूरोचे काम २०१६ च्या कायद्यानुसार चालते. २०१२ साली केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक व माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. त्याचा अंमल २०१३ साली सुरू झाला. प्रथम यादीत १५ प्रकारच्या वस्तू होत्या. मागाहून मोबाईल, पॉवर बँक, निरनिराळे अडॅप्टर इत्यादींची भर पडत गेली. यादीतील वस्तूचा नमुना ब्यूरोने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासला जावा लागतो आणि नोंदणीच्या अर्जासोबतचा अहवाल ९० दिवसांपेक्षा जुना चालत नाही. नोंदणी झालेल्या वस्तूवर मानकाचा क्रमांक व ‘आर’ ह्या रोमन अक्षराने सुरू होणारा नोंदणी-क्रमांक छापलेला असतो. हा क्रमांक खरा की खोटा हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ह्या मोबाईल-साधनावर कोणासही पडताळून पाहता येते.

बिनतारी भागासाठी वेगळी व्यवस्था आहे. ब्लूटूथसारख्या परवानामुक्त लहरी वापरणाऱ्या उपकरणांना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची प्रकार-मान्यता लागते. दूरसंचाराच्या जाळ्याला जोडावयाच्या उपकरणांची चाचणी सक्तीची करण्यासाठी २०१७ साली भारतीय तार नियमांत भर घालण्यात आली व तिचा पहिला टप्पा १ ऑक्टोबर २०१९ पासून अंमलात आला. हे काम दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राकडे सोपविण्यात आले.

परदेशांच्या रीती आणखी निराळ्या आहेत. युरोपातील ‘सीई’ हे चिन्ह बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. ते प्रयोगशाळेने दिलेले प्रशस्तिपत्र नव्हे. अमेरिकेत रेडिओ-प्रक्षेपक उपकरणांच्या प्रमाणनासाठी तेथील संघीय दळणवळण आयोगाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचाच अहवाल चालतो. तात्पर्य, ‘उत्तम प्रयोगशाळा कोणती?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘ह्या वस्तूसाठी, ह्या मानकासाठी, ह्या देशासाठी योग्य प्रयोगशाळा कोणती?’ असा तो विचारावयास हवा.

४. प्रयोगशाळेत काय घडते

मोबाईल स्टार्टरवर कोणकोणत्या चाचण्या होतील ते पाहू. उपकरणाच्या प्रकारानुसार मानक बदलते. येथे उदाहरणादाखल माहिती-तंत्रज्ञानाच्या उपकरणांसाठी केलेल्या ‘आयएस १३२५२’ ह्या मानकातील मर्यादा घेतल्या आहेत.

पहिली चाचणी स्पर्श-प्रवाहाची. उपकरणाच्या उघड्या भागास हात लावला असता शरीरातून किती विद्युत् प्रवाह वाहील, हे शरीराच्या जागी ठरावीक रोधांचे व धारित्रांचे एक मंडल ठेवून मोजतात. भूसंपर्क नसलेल्या उपकरणास ही मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर आहे. माणसाला झिणझिणीही जाणवू नये अशा हिशेबाने ती आखलेली आहे.

हा प्रवाह येतो कोठून? वीजपुरवठ्याच्या मंडलात उच्च कंप्रतेचा व्यत्यय दाबून टाकण्यासाठी अभियंते मुख्य विजेची बाजू व सुरक्षित बाजू ह्यांमध्ये एक लहानसे धारित्र बसवितात. धारित्रातून प्रत्यावर्ती प्रवाह थोडा तरी वाहतोच. त्याचे मान विद्युत् दाब, कंप्रता आणि धारिता ह्यांच्या गुणाकारास २π ने गुणले असता मिळते. २३० व्होल्ट दाब, ५० हर्ट्‌झ कंप्रता व ४.७ नॅनोफॅरड धारिता घेतली तर प्रवाह सुमारे ०.३४ मिलिअँपिअर येतो. हा मर्यादेबाहेर आहे. धारिता २.२ नॅनोफॅरड केली तर तो सुमारे ०.१६ मिलिअँपिअर होतो. हा मर्यादेत बसतो. प्रत्यक्ष चाचणीत पुरवठ्याचा दाब त्याच्या वरच्या मर्यादेवर ठेवतात, त्यामुळे आकडे किंचित वाढतात. परंतु हिशेबाची रीत हीच.

दुसरी चाचणी विद्युत्‌रोधक थराच्या बळाची. खरा जिवावरचा धोका हा थर फुटण्यात किंवा ते धारित्र निकामी होऊन आरपार जोडले जाण्यात असतो. म्हणून २३० व्होल्टवर चालणाऱ्या अशा उपकरणात मुख्य वीज व माणसाच्या हाताशी येणारा भाग ह्यांमध्ये ३,००० व्होल्टचा दाब एक मिनिटभर लावून पाहतात. थर फुटता कामा नये.

तिसरी चाचणी उत्सर्जित लहरींची. लहरी शोषून घेणाऱ्या पाचरांनी भिंती व छत मढविलेल्या कक्षात उपकरण फिरत्या मेजावर ठेवतात. ठरावीक अंतरावर अँटेना उभारून ती खालीवर सरकवितात आणि ३० मेगाहर्ट्‌झपासून वर प्रत्येक कंप्रतेला क्षेत्राची तीव्रता मोजतात. रेडिओ-व्यत्ययाचा विचार करणारी ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ साली, घरोघरी रेडिओ आले त्या काळात स्थापन झाली. तिने घरगुती उपकरणांसाठी ३० ते २३० मेगाहर्ट्‌झ ह्या पट्ट्यात ३ मीटर अंतरावर घातलेली मर्यादा मीटरला १ मायक्रोव्होल्टच्या तुलनेत ४० डेसिबल, म्हणजेच मीटरला १०० मायक्रोव्होल्ट इतकी आहे.

ह्याशिवाय माणसाच्या अंगावरील स्थितिक विजेची ठिणगी उडाली असता किंवा विजेच्या तारांवर क्षणिक लाट आली असता उपकरण चालू राहते की नाही, हेही पाहिले जाते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. धारित्र लहान केले की स्पर्श-प्रवाह कमी होतो, परंतु व्यत्यय दाबण्याची शक्तीही घटते व उत्सर्जित लहरी वाढतात. म्हणजे एका चाचणीतील सुधारणा दुसऱ्या चाचणीत दोष उत्पन्न करू शकते. म्हणून सर्व चाचण्या एकाच स्वरूपाच्या नमुन्यावर झाल्या पाहिजेत. एका धारित्राने सुरक्षिततेचा अहवाल मिळवावयाचा व दुसऱ्याने लहरींचा, ही दोन खऱ्या अहवालांतून तयार केलेली एक खोटी गोष्ट ठरते.

५. आकड्याची वंशावळ

आता समजा, पहिल्या प्रयोगशाळेतील मापक ३० टक्के कमी दाखवीत आहे. प्रत्यक्ष प्रवाह ०.३४ मिलिअँपिअर असताना तो सुमारे ०.२४ दाखवील आणि सदोष उपकरण उत्तीर्ण होईल. कोणी लबाडी केली नाही, आकडा मापकावर दिसला तसाच लिहिला. तरी अहवाल खोटा ठरला.

म्हणून मापकाची तुलना त्याहून अचूक साधनाशी वेळोवेळी करावी लागते. ह्यास अंशशोधन म्हणतात. ते अचूक साधन त्याहूनही अचूक साधनाशी पडताळलेले असते आणि अशी साखळी राष्ट्रीय प्रमाणांपर्यंत पोहोचते. भारतात ही प्रमाणे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जतन केली जातात. ह्या प्रयोगशाळेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये झाले. निरनिराळ्या देशांच्या प्रमाणांनी एकमेकांस ओळखावे ह्यासाठी १९९९ साली पॅरिस येथे परस्पर-मान्यतेचा करार झाला. ह्या साखळीमुळेच बंगळूरमध्ये मोजलेला मिलिअँपिअर बर्लिनमध्येही मिलिअँपिअरच राहतो.

जसे जमिनीच्या खरेदीत मागील खरेदीखते पाहतात, तसेच मापकाच्या बाबतीत अंशशोधनाची प्रमाणपत्रे पाहावीत. साखळीतील एक कडी तुटली तरी पुढील सर्व आकडे निराधार होतात. लहरी मोजण्याच्या कक्षाचीही अशीच पडताळणी असते. प्रमाणित अँटेनांच्या साहाय्याने कक्षातील लहरींची क्षीणता मोजतात व ती सैद्धांतिक मूल्यापासून ४ डेसिबलपेक्षा अधिक ढळता कामा नये, असा दंडक आहे. प्रयोगशाळेला ह्या पडताळणीची तारीख विचारण्यात काहीही अनुचित नाही. चांगली प्रयोगशाळा ती तत्काळ दाखविते.

६. अनिश्चितता : दोष नव्हे, प्रामाणिकपणा

अचूकात अचूक मापनही थोडे अनिश्चित असते. अँटेना, तारा, कक्ष, नमुन्याची मांडणी ह्या प्रत्येकामुळे थोडा फरक पडतो. लहरींच्या मापनात तो बराच असतो. सिस्परच्या २०११ च्या प्रकाशनात ३० ते १,००० मेगाहर्ट्‌झच्या मापनासाठी ६.३ डेसिबल ही तुलनेची अनिश्चितता धरलेली आहे.

आपल्या मोबाईल स्टार्टरचे मापन ३८ डेसिबल आले असे समजू. म्हणजे मीटरला सुमारे ७९ मायक्रोव्होल्ट. मर्यादा १०० आहे. तेव्हा उपकरण उत्तीर्ण दिसते. परंतु प्रयोगशाळेची अनिश्चितता ५ डेसिबल असेल तर खरे मूल्य ३३ ते ४३ डेसिबल, म्हणजे सुमारे ४५ ते १४१ मायक्रोव्होल्ट ह्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. हेच उपकरण दुसऱ्या प्रयोगशाळेत नेले तर ते अनुत्तीर्ण होण्याचा संभव राहतो.

मग ‘उत्तीर्ण’ कोणास म्हणावयाचे? त्यासाठी निर्णयाचा नियम आधीच ठरलेला असावा लागतो. काही मानके मोजलेला आकडा मर्यादेशी सरळ ताडून पाहण्यास सांगतात. काही ठिकाणी अनिश्चितता वजा करून कडक मर्यादा धरतात. कोणताही नियम असो, तो चाचणीपूर्वी गिऱ्हाइकास सांगितलेला असावा. जी प्रयोगशाळा आपल्या मापनाची अनिश्चितता सांगू शकत नाही, तिच्या अहवालात आकडे दशांशचिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत लिहिलेले असले तरी त्यांचा भरवसा धरू नये.

७. अधिस्वीकृती व तिची व्याप्ती

हे सर्व प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाने स्वतः तपासणे शक्य नाही. म्हणून प्रयोगशाळांची तपासणी करणारी मंडळे आहेत. प्रयोगशाळेच्या सक्षमतेचे आंतरराष्ट्रीय मानक ‘आयएसओ/आयईसी १७०२५’ हे होय. ते प्रथम १९९९ साली प्रसिद्ध झाले व त्याची सुधारित आवृत्ती २०१७ साली निघाली. भारतात ह्या मानकाप्रमाणे अधिस्वीकृती देण्याचे काम ‘एनएबीएल’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे राष्ट्रीय मंडळ करते. ते भारतीय गुणवत्ता परिषदेचे घटक आहे. एका देशातील अधिस्वीकृत प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा ह्यासाठी नोव्हेंबर २००० मध्ये वॉशिंग्टन येथे अनेक देशांच्या मंडळांनी करार केला. भारताचे मंडळही अशा परस्पर-मान्यतेच्या व्यवस्थेत सहभागी आहे.

येथे गिऱ्हाइकांची एक चूक फार वेळा होते. मंडळाचे चिन्ह पाहिले की ते समाधान पावतात. परंतु अधिस्वीकृती ही इमारतीस किंवा कंपनीस सरसकट मिळत नसते. ती विशिष्ट जागेतील, विशिष्ट चाचणीस, विशिष्ट मापन-मर्यादेपुरती मिळते. ह्या यादीस व्याप्ती म्हणतात. एखाद्या प्रयोगशाळेस दिव्यांच्या चाचणीची अधिस्वीकृती असेल आणि तिने घटमालेचा अहवाल दिला, तर ते चिन्ह त्या अहवालास लागू होत नाही. डोळ्यांच्या वैद्याने दिलेला हृदयाचा दाखला जितका ग्राह्य, तितकाच हा अहवाल ग्राह्य. व्याप्तीची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असते. तिच्यात मानकाचा क्रमांक, त्याचे वर्ष व प्रयोगशाळेचा पत्ता हे तिन्ही जुळवून पाहावे.

वर्षाला विशेष महत्त्व आहे. मानके बदलतात. माहिती-तंत्रज्ञानाची उपकरणे व ध्वनिचित्र उपकरणे ह्यांच्या सुरक्षिततेसाठी पूर्वी दोन स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानके होती. त्यांच्या जागी ‘६२३६८’ क्रमांकाचे एकच मानक आले. युरोपात हा बदल डिसेंबर २०२० मध्ये पुरा झाला आणि भारतीय मानक ब्यूरोनेही ते मानक स्वीकारले. जुन्या आवृत्तीचा अहवाल कितीही प्रामाणिक असला तरी नव्या कायद्यापुढे तो निरुपयोगी ठरू शकतो.

शिवाय अधिस्वीकृती व नियामकाची मान्यता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली सक्षमतेबद्दल असते, तर दुसरी त्या देशाच्या कायद्याने अहवाल स्वीकारण्याबद्दल. मान्यता काढूनही घेतली जाते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव, प्रयोगशाळांची मालकी कोणाकडे आहे ह्यावरून त्यांची मान्यता नाकारण्याचे नियम केले. म्हणून अहवालाच्या तारखेस ती मान्यता चालू होती काय, हे पाहणे अवश्य असते.

८. निःपक्षपात

प्रयोगशाळेचे पैसे ज्याची वस्तू तपासावयाची तोच देतो. हा पेच ह्या व्यवसायाच्या मुळाशीच आहे व तो कोणत्याही कायद्याने पुरता सुटत नाही. त्यामुळे १७०२५ ह्या मानकात निःपक्षपाताला आरंभीच स्थान दिले आहे. जो उपकरणाचा आराखडा दुरुस्त करून देतो त्यानेच अखेरचा निकाल देणे योग्य नव्हे. निकालावर शुल्क अवलंबून असता कामा नये. अनुत्तीर्ण झालेल्या चाचणीची नोंदही उत्तीर्ण चाचणीइतकीच काळजीपूर्वक ठेवली गेली पाहिजे.

प्रयोगशाळा आपली क्षमता आपसांतही ताडून पाहतात. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांत फिरवून निकालांची तुलना करतात. एखादीचा निकाल सर्वमान्य मूल्यापासून किती ढळला हे एका गुणांकाने सांगतात. हा गुणांक २ च्या आत असेल तर समाधानकारक, ३ किंवा अधिक असेल तर असमाधानकारक मानतात. प्रयोगशाळेस ह्या तुलनांतील तिचे निकाल अवश्य विचारावेत. एखाद्या वर्षी निकाल बिघडला असेल तर त्यावरून तिला लगेच त्याज्य ठरवू नये. दोष कसा शोधला व कसा दुरुस्त केला, हे तिने सांगितले तर तिच्यावरील विश्वास वाढावा.

सरकारी की खासगी, असाही प्रश्न विचारला जातो. बंगळूरच्या पीण्या भागात केंद्र सरकारचे इलेक्ट्रॉनिक चाचणी व विकास केंद्र आहे. ह्याच शहरात १९६० साली स्थापन झालेली केंद्रीय विद्युत् संशोधन संस्थाही आहे. महाराष्ट्रात अंधेरी येथे इलेक्ट्रॉनिक्सची प्रादेशिक चाचणी-प्रयोगशाळा आहे, तर पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली वाहन-संशोधन संस्था ‘एआरएआय’ आहे. बंगळूरमध्ये अनेक खासगी प्रयोगशाळाही आहेत. दोहोंसही कसोटी एकच लावावयाची : व्याप्ती, अंशशोधन, अनिश्चितता व निःपक्षपात.

९. अहवाल काय सांगत नाही

चांगल्या प्रयोगशाळेचा अहवालही एका मर्यादेपलीकडे बोलत नाही. तो फक्त तपासलेल्या नमुन्याबद्दल बोलतो. २०१६ साली सॅमसंग कंपनीच्या गॅलक्सी नोट ७ ह्या मोबाईलच्या घटमाला पेट घेऊ लागल्या. सप्टेंबरमध्ये कंपनीने ते परत मागविले व दुसऱ्या पुरवठादाराच्या घटमाला असलेले मोबाईल बदली दिले. तेही पेटू लागले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद करावे लागले. पुढे कंपनीने बाहेरच्या तीन संस्थांकडून तपास करविला. जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही पुरवठादारांच्या घटमालांत दोष होते, पण ते एकमेकांपासून भिन्न होते. घटक बदलला की वस्तू नवी झाली असे मानून तिची तपासणीही नव्याने केली पाहिजे, हा ह्यातील धडा होय.

दुसरी मर्यादा मानकाची. मानक जो प्रश्न विचारते त्याचेच उत्तर अहवालात असते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात विजेवर चालणाऱ्या एका स्कूटरने रस्त्याच्या कडेला पेट घेतला. त्या सुमारास देशात इतरत्रही असे प्रकार घडले. विक्रीपूर्वी अशा वाहनांना चाचण्यांतून जावे लागते, तरी हे घडले. त्यानंतर सरकारने घटमालेच्या चाचण्यांचे नियम कडक केले व ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. प्रयोगशाळा कितीही चोख असली तरी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती देत नाही. तो प्रश्न विचारणे हे उत्पादकाचे, अभियंत्याचे आणि समाजाचे काम आहे.

१०. निवडीची रीत

आता आपल्या कारखानदाराकडे परत येऊ. त्याने पुढील क्रमाने विचार करावा.

(१) वस्तू कोणत्या देशांत विकावयाची व तेथे कोणती मानके, कोणत्या वर्षाची, लागू आहेत ते ठरवावे.

(२) त्या मानकांसाठी प्रयोगशाळेची व्याप्ती व नियामकाची मान्यता आज चालू आहे काय, हे मूळ यादीत पाहावे. प्रयोगशाळेने पाठविलेल्या छायाप्रतीवर विसंबू नये.

(३) अंशशोधनाची प्रमाणपत्रे, मापनाची अनिश्चितता व निर्णयाचा नियम विचारावा.

(४) एखादी चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेतली जाणार असेल तर ते आधी कळावे, असे लेखी घ्यावे.

(५) चाचणीच्या वेळी हजर राहण्याची परवानगी मागावी.

(६) अहवालात नमुन्याची छायाचित्रे, महत्त्वाच्या घटकांची यादी व प्रत्यक्ष आकडे आहेत काय ते पाहावे. केवळ ‘उत्तीर्ण’ हा शब्द म्हणजे अहवाल नव्हे.

(७) नापास झाल्यास प्रयोगशाळा काय करते, हे विचारावे.

ह्या क्रमाने पाहता पहिली प्रयोगशाळा दुसऱ्याच पायरीच्या पुढे जात नाही. नमुना न पाहता निकालाचे आश्वासन देणारी संस्था चाचणी करीत नसून कागद विकते. दुसऱ्या प्रयोगशाळेत स्टार्टर पहिल्या दिवशीच अनुत्तीर्ण होईल, कारण त्याचा स्पर्श-प्रवाह ०.३४ मिलिअँपिअर आहे. कारखानदार धारित्र बदलील; मग लहरी वाढतील; मग त्यास गाळणीच्या मंडलाची रचना सुधारावी लागेल व चाचण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतील. ह्यात दीड-दोन महिने जातील, पैसा जाईल आणि हंगामही कदाचित हुकेल. हे नुकसान खरे आहे व लहान कारखानदारास ते जड वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो दोष प्रयोगशाळेत सापडला नसता, तर तो नाहीसा झाला असता असे नव्हे. तो हजारो डब्यांबरोबर शेतोशेती गेला असता.

सर्जापूरचा विणकर व त्याचे गिऱ्हाईक समोरासमोर असत. धागा तुटला तर दोघांनाही तो दिसे. आजचा कारखानदार व विहिरीवरचा शेतकरी एकमेकांस कधीही पाहत नाहीत. त्या दोघांच्या मध्ये प्रयोगशाळेचा अहवाल उभा असतो. तो वाचता येणे व त्याची पारख करता येणे ही आजच्या नागरिकाच्या साक्षरतेचाच एक भाग होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. धारिता ३.३ नॅनोफॅरड असताना २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झला प्रवाह किती येईल? तो ०.२५ मिलिअँपिअरच्या मर्यादेत बसतो काय? पुरवठा २६४ व्होल्ट झाला तर काय होईल?

२. अधिस्वीकृती, व्याप्ती व नियामकाची मान्यता ह्यांतील भेद उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

३. मापन ३६ डेसिबल व अनिश्चितता ३ डेसिबल असेल, तर ४० डेसिबलच्या मर्यादेबाबत काय म्हणता येईल?

४. आपल्या घरातील किंवा शाळेतील एखाद्या चार्जरवरील मानकाचा क्रमांक व नोंदणी-क्रमांक उतरून घ्या आणि तो पडताळून पाहा. वहीत तारखेसह नोंद करा.